या आठवड्यात दाखल

बाईंनी चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडला, कागदाचा चौथा कोपरा दारावर दाबून बसवला आणि काठीवर रेलून दोन पावलं मागे सरकल्या. कागद सरळ लागला होता. वर टपोऱ्या अक्षरांत मथळा, 'या आठवड्यात दाखल झालेली नवीन पुस्तके'. खाली चार ओळी, चार दाखल क्रमांक आणि सही. ग्रंथपाल म्हणून चौतीस वर्षं दर शनिवारी सकाळी त्यांनी ग्रंथालयाच्या दारावर असाच कागद लावला होता. निवृत्त झाल्यावर आता दार स्वतःच्या खोलीचं होतं, एवढाच काय तो फरक.

चिरंजीव गालांना साबण लावून न्हाणीघरातून बाहेर आले आणि कागदासमोर थबकले.

"आई, हे काय?"

"वाचता येतं ना? मीच शिकवलंय तुला."

"चार! मागच्या शनिवारी पाच होती. अगं, आपलं काय ठरलं होतं?"

"तुझं ठरलं होतं. मी तेव्हा दवाखान्यात होते."

त्याने आवाज चढवला. खोली केवढीशी, तुझा गुडघा असा, धुळीने तुला खोकला होतो, एकदा मोकळी केलेली जागा तू पुन्हा भरत सुटलीस, तुझ्यापुढे हात टेकले मी. साबण गालावर वाळून पांढरा पडला तरी त्याचं चालूच होतं. बाई चिकटपट्टीचं सुटलेलं टोक नखाने शोधत बसल्या.

माणूस वाईट नव्हता हो. अजिबात नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बारा दिवस रोज दवाखान्यात खेटे घालत होता, नर्सशी भांडून खिडकीजवळची खाट मिळवली होती त्याने. पण एका मोठ्या गोदामाचा तो व्यवस्थापक, आणि गोदामात नियम होता की वर्षभर ज्याला कुणी हात लावला नाही, तो माल बाहेर. त्या बारा दिवसांत कधीतरी तो नियम त्याच्याबरोबर घरी आला.

तेराव्या दिवशी बाई वॉकर सरकवत खोलीत शिरल्या, तर समोरची भिंत उघडी. कपाटं नाहीत, पुस्तकं नाहीत. दोनशे अकरा पुस्तकं! त्यांच्या जागी व्यायामाची सायकल, औषधांचा डबा आणि रक्तदाब मोजायचं यंत्र. भिंतीवर कपाटाच्या मापाचा फिकट चौकोन तेवढा राहिला होता.

"बघ, कशी मोकळी झाली खोली," तो म्हणाला होता. शाबासकीची वाट बघत उभासुद्धा राहिला होता. मागे सून मूग गिळून उभी होती.

बाई म्हणाल्या, "पाणी दे."

त्याच्यासमोर त्या रडल्या नाहीत. तो गेल्यावर भिंतीवरून हात फिरवताना मात्र असा संताप आला, असा संताप आला की गुडघा दुखतोय हेही विसरायला झालं. पुस्तकं गेली याचं दुःख होतंच. पण जास्त लागलं ते हे, की त्याने विचारलं नाही. माणूस धडधडीत जिवंत आहे, बारा दिवस घराबाहेर गेलाय, तर मागे त्याचं सामान आवरून टाकायचं? आज विचारलं नाही, तर उद्याही कुणी विचारणार नाही. खोली कुठली, खाट कुठली, दिवा किती वाजता मालवायचा, सगळं परस्पर ठरेल. आपण या घरात राहतो की ठेवलेल्या आहोत, एवढंच त्यांना स्वतःशी नक्की करायचं होतं, आणि ते त्यांनी त्याच दुपारी करून टाकलं.

घरातल्या प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक लिहिलेली दाखल नोंदवही तेवढी बचावली होती, कारण ती दवाखान्याच्या पिशवीतच होती. ऑपरेशनला जाताना माणसं देवाचं काही नेतात, बाईंनी वही नेली होती.

डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं होतं. बाई इमाने इतबारे चालायला लागल्या. आधी वॉकर, मग काठी. मुलगा खूश. काठी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या शहरातल्या जुन्या पुस्तकांच्या तीन दुकानांपर्यंत पोचून रिकाम्या हाताने परत आल्या. चौथं दुकान बस थांब्यामागच्या इमारतीत, जिन्याखाली होतं. तिथे पायरीवरच त्यांना आपली कादंबरी दिसली. उन्हात, पालथी.

त्यांनी ती उचलली आणि आधी सदतिसावं पान उघडलं.

ग्रंथालयाच्या पुस्तकाला एक गुप्त पान असतं. चोराने पहिलं पान फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते कळावं, म्हणून आतल्या एका ठरलेल्या पानावर खूण करून ठेवतात. बाईंच्या ग्रंथालयाचं पान सदतिसावं होतं, आणि घरच्या पुस्तकांनाही त्यांनी तेच ठेवलं होतं. खूण जागेवर होती.

"आजी, तिथूनच का वाचता?" दुकानदाराने विचारलं.

"चव बघते. हा गठ्ठा कुठून आला हो?"

"एक साहेब टेंपोने देऊन गेले. घरातल्या म्हाताऱ्या बाई गेल्या वाटतं."

बाईंना एकदम हसू फुटलं. त्या हसत हसत जिन्याच्या कठड्याला धरून खाली बसल्या, आणि मग हसणं थांबल्यावर थोडा वेळ तशाच बसून राहिल्या.

"गेल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "त्या हा गठ्ठा परत न्यायला आल्यात."

दुकानदार ओशाळला. सगळी फुकट नेऊन टाका म्हणाला, पोचवूनही देतो म्हणाला. बाईंनी मान हलवली. फुकट आणलं तर वहीच्या रकान्यात 'भेट' असं लिहावं लागतं, आणि ही काही भेट नव्हे. शिवाय एकदम आणली तर एकदम जातीलही. त्या येतील, पिशवीत मावतील तेवढी घेतील, पैसे देऊन घेतील. काही पुस्तकं आधीच विकली गेली होती. त्याबद्दल त्यांनी तक्रार केली नाही. कुणी वाचायला नेली असतील, तर नेऊ देत.

तेव्हापासून दर शनिवारी दारावर कागद लागायला लागला. मुलाने त्यातलं एकही पुस्तक ओळखलं नाही. ओळखणार कसा? टेंपोत चढवताना खोकी मोजली होती त्याने, नावं नाही. सुनेने मात्र दुसऱ्याच आठवड्यात एका मुखपृष्ठावरचा कपाचा गोल डाग पाहिला आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

"आई, अहो, हे तर..."

"नवीन आहे," बाई म्हणाल्या.

सुनेने एकदा नवऱ्याच्या खोलीकडे पाहिलं, एकदा सासूकडे. दुसऱ्या दिवशी तिने बाईंच्या उशाशी चिकटपट्टीचं नवं रीळ आणून ठेवलं आणि ताकास तूर लागू दिली नाही.

आज सहावा शनिवार. दाढी उरकून चिरंजीव आईच्या खोलीत आले ते हातात रिकामं पोतं घेऊन. मागे दारात सून.

"पुरे झालं आता. ही परत देऊन येतो."

"कुठे?"

"जिथून आणलीस तिथे."

"जा ना," बाई म्हणाल्या. "तो ओळखेल तुला."

त्याला काही कळलं नाही. तेवीस पुस्तकं व्यायामाच्या सायकलवर बसली होती, सीटवर, हँडलच्या मधे, पायडलच्या वर आडवी फळी टाकून. त्याने सर्वांत वरचं उचललं.

"मधमाश्या! आई, तू मधमाश्या पाळणार आहेस? सहाव्या मजल्यावर?"

"वाचून ठरवीन."

"कधी वाचणार? सांग ना कधी? अगं, कुणी हात लावत नाही अशा वस्तू साठवून ठेवायच्या... आमच्याकडे असा माल वर्षाच्या वर ठेवत नाहीत."

"त्याला हात लावलेला आहे."

"कुणी?"

"सदतिसावं पान काढ."

"आई, माझ्याकडे वेळ नाही या..."

"काढ म्हणते ना!"

हा आवाज या घरात बऱ्याच वर्षांत निघाला नव्हता. सुनेनेही दाराची चौकट धरली. त्याने पोतं खाली टाकलं आणि पानं उलटली. पस्तीस. सदतीस.

पानाच्या खालच्या कोपऱ्यात, आकड्याला लागून, जांभळ्या शाईत एक अंगठा उमटलेला होता. इवलासा. जरा तिरका, आणि एका बाजूला फरफटलेला, कारण उठवणाऱ्याला धीर नव्हता.

तो बघत राहिला. मग त्याने सायकलवरचं दुसरं पुस्तक घेतलं, त्यात बघितलं. तिसरं घेतलं. तिसऱ्यातला अंगठा उलटा होता.

ग्रंथालयाचा शिक्का घरच्या पुस्तकांवर मारणं बाईंच्या तत्त्वात बसत नव्हतं. तेव्हा पहिलीतला एक मुलगा शिक्क्यासाठी हटून बसला होता, आणि त्यांनी त्याला सांगितलं होतं की आपल्या घराचा शिक्का तूच. दर शनिवारी तो शाईची डबी घेऊन हजर व्हायचा. पाच वर्षं हे चाललं. मग त्याला लाज वाटायला लागली.

त्याने स्वतःचा अंगठा एकदा वळवून पाहिला आणि मुठीत मिटला.

"ही आपलीच आहेत," तो म्हणाला.

"माझी आहेत," बाई म्हणाल्या. "तू परस्पर दिलीस ती. मला न विचारता."

"मला वाटलं..."

"काय वाटलं ते मला माहितीये. मला विचारलं नाहीस."

त्याने मान खाली घातली. पुस्तक अजून उघडंच होतं हातात. म्हणाला, "नाही विचारलं." आणि मग गोदामातला माणूस त्याच्यात जागा झाला. तो खिसे चाचपू लागला, गाडीची किल्ली कुठे ठेवली ते बायकोला विचारू लागला. "किती राहिलीत तिथे? मी आत्ता जातो. सगळी घेऊन येतो, एका खेपेत. कपाटंही परत..."

"गाडी नको."

"अगं पण तू किती दिवस अशी पिशवीतून..."

"मला लागतील तेवढे दिवस. मी आणीन, मी लिहीन, मी कागद लावीन. हे काम माझं आहे."

"मग मी काय करू?"

बाईंनी उशीखाली हात घातला. पत्र्याची चपटी डबी काढली, झाकणाला पोचे पडलेली. कोरड्या शाईत त्यांनी आधीच दोन थेंब पाणी सोडून ठेवलं असावं, कारण उघडताच ती ओली चमकली. डबी त्यांनी त्याच्यासमोर धरली.

"पुन्हा दाखल झालीत. पुन्हा खूण लागेल."

तो खाली बसला. जमिनीवर, मांडी घालून, ऑफिसच्या इस्त्रीच्या कपड्यांत. मधमाश्यांचं पुस्तक त्याने मांडीवर घेतलं आणि अंगठा शाईत दाबला. जुन्या खुणेच्या शेजारी नवा अंगठा उमटला, तिप्पट मोठा, आणि तोही तिरकाच.

"सरळ," बाई म्हणाल्या. "अजून बावीस आहेत."

त्याने दुसरं पुस्तक ओढलं. सून पुढे होऊन एकेक पुस्तक सदतिसाव्या पानावर उघडून त्याच्या हाती देऊ लागली. सगळी संपेपर्यंत कुणी उठलं नाही. नंतर तो दाराशी गेला, कागदासमोर उभा राहिला आणि चारही ओळी नावांसकट वाचल्या. जांभळा अंगठा हवेत धरून तो इकडेतिकडे बघू लागला.

बाई वहीत नोंदी लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"भिंतीला पुसू नकोस हं," त्या म्हणाल्या.