गळ्यातला पट्टा

लताने स्टेजच्या मागून हात लांबवला आणि योगेंद्रभैयांच्या कुर्त्याची कड ओढली. भाषण ऐन रंगात आलं होतं. भैयांनी मागे न पाहताच हात झटकला. तिने पुन्हा ओढली, या वेळी जरा जोरात.

"काय आहे?" माइकवर तळवा ठेवून ते खाली वाकले.

"भैया, कारखान्यात साहेब आले. योजनेवाले. वॉचमनचा फोन होता. कामगार मशीनवर पाहिजे म्हणतात, फोटो घ्याचा आहे."

भैयांनी समोर पाहिलं. विजय नगरच्या मैदानात पुढच्या रांगांत बसलेल्या साऱ्या बाया रिछाई औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्याच शिलाई कारखान्यातल्या होत्या. लता त्यांची मुकादम. सकाळी हजेरी लागल्यावर तिनेच त्यांना मशीनवरून उठवून टेम्पोत बसवलं होतं. प्रत्येकीच्या गळ्यात पिवळा पट्टा होता आणि त्यावर छापलं होतं, 'सरकारी खैरात बंद करो'. पट्टेही त्यांनीच शिवले होते.

भैया वॉर्डाचे माजी पार्षद, म्हणजे नगरसेवक. आता त्यांना आमदारकीचं तिकीट हवं होतं. मंदीत त्यांच्या कारखान्याला लागलेलं कुलूप सरकारच्या योजनेमुळेच उघडलं होतं. कामगारांचा अर्धा पगार सरकार भरणार. अट एवढीच, की कोणाला काढायचं नाही आणि तपासणीला साहेब येतील तेव्हा माणसं कामावर दिसली पाहिजेत. म्हणजे आजच्या सभेतल्या टाळ्यांचा अर्धा खर्चही सरकारच्याच माथी होता. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ असतात. भैया ते माइक लावून मोजत होते.

लताला मात्र यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. फोटो झाला नाही तर योजना जाणार, आणि योजना गेली की कारखाना. कुलूप लागलं होतं तेव्हा तिने याच विजय नगरातल्या घरांत भांडी घासली होती. तिच्या एकताचं नर्सिंग अर्ध्यावर थांबलं होतं, ते आता कुठे पुन्हा सुरू झालं होतं.

थोड्या वेळापूर्वी याच माइकवरून भैयांनी सरकारच्या पैशावर जगणाऱ्यांना 'मुफ्तखोर' म्हटलं होतं. टाळ्यांची खूण झाली तशा लतानेही टाळ्या वाजवल्या होत्या. तोंड कडू झालं होतं, तरी हात थांबले नव्हते.

भैयांनी घसा साफ केला आणि माइक तोंडाशी धरला.

"मेरी बहनों! हम खैरात की नहीं, मेहनत की खाते हैं. बैठी मत रहो. उठो, और अपने काम पर जाओ!"

बाया गोंधळल्या. लताने हातवारे केले तशा भराभर उठल्या. मागच्या लोकांना वाटलं, काय माणूस आहे, भर सभेतून लोकांना कामावर धाडतो! सगळं मैदान टाळ्यांनी दणाणलं. लतासाठी आजवर कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. पदर खोचून ती टेम्पोकडे पळाली.

टेम्पोत तिने सगळ्यांचे पट्टे काढून घेतले आणि सीटखाली कोंबले.

"काहून काढून राहिली?" शकु म्हणाली. "घाम पुसाले बरा होता."

"साहेब वाचतीन ना त्याच्यावरचं!"

कारखान्यात पोचताच मशीनं सुरू झाली. साहेब तरुण होते आणि घाईत होते. त्यांनी सोबत योजनेच्या नावाचा मोठा निळा फलक आणला होता. तेवढ्यात सभा उरकून भैयांची गाडीही येऊन थांबली.

"मालिक, आप भी आइए. सामने," साहेब म्हणाले.

फलकाचं एक टोक भैयांनी धरलं, दुसरं लताच्या हाती आलं. बाया मागे उभ्या राहिल्या. आणि तेव्हा लताला दिसलं, भैयांच्या गळ्यात पिवळा पट्टा तसाच होता. गेला महिनाभर ते तो घालून हिंडत होते. नाकावरच्या चष्म्यासारखी त्याची त्यांना सवय झाली होती. साहेब मान खाली घालून मोबाइलशी खटपट करत होते.

राहू दे, असं लताला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. जाऊ दे हा फोटो वर, पाहू दे सगळ्यांना. मग सकाळी दोरीवर वाळत घातलेला एकताचा पांढरा युनिफॉर्म तिच्या डोळ्यांपुढे आला.

"भैया," ती हळूच म्हणाली, "गळ्यातलं काढा."

भैयांचा हात गळ्याकडे गेला. त्यांनी घाईने पट्टा ओढून काढला. खिशात तो मावेना, म्हणून लताच्याच हातात दिला. तिने तो चुरगाळून कमरेला खोचला.

"अच्छा झालं, लताजी, तुमचं लक्ष गेलं."

"मुफ्तखोरांचा फोटो आहे, भैया. लक्ष ठेवाच लागते."

भैया चपापले. आवाज उतरवून म्हणाले, "अरे, ते तुम्हाले थोडीच म्हटलं होतं."

"मंग कोणाले म्हटलं होतं?"

"चलो, सब इधर देखिए," साहेब म्हणाले.

तो फोटो आता कारखान्याच्या ऑफिसात लावलेला आहे. त्यात साऱ्या बाया समोर पाहतात, लताही. भैया तेवढे लताकडे पाहत आहेत, आणि काहीतरी सांगायला त्यांचं तोंड उघडलेलं आहे.