राखून ठेवलेली झगरूत

अजलूनच्या डोंगरातली निम्मी माणसं नव्वाफच्या गाण्यावर नाचत बोहल्यावर चढली, आणि नव्वाफ मात्र चाळिशी उलटली तरी तसाच. लोक म्हणत, आचाऱ्यानं उपाशी राहावं तसं या गड्याचं झालंय. लोकांचं सोडा, लोक दुसऱ्या दिवशी विसरतात. नव्वाफची आई, हज करून आलेली म्हणून हाजा सबहा, विसरणाऱ्यांतली नव्हती.

हाजाची झगरूत सगळ्या डोंगरात नावाजलेली. बायका आनंदाच्या वेळी जीभ हलवून लांबलचक लुलुलू काढतात, ती झगरूत. तिच्याआधी नवऱ्यामुलाचं नाव गुंफून चार ओळी म्हणायच्या असतात. येते सगळ्याच बायकांना, पण हाजाची सुटली की खालच्या आळीतल्या बायका हातातलं काम टाकून, काय झालंय हे न विचारता, जागच्या जागी उत्तर देत. धाकट्या मुलीला सासरी धाडताना हाजानं भर मांडवात शपथ घेतली: आता पुढची झगरूत नव्वाफच्या लग्नाची, तोवर एकही नाही. तेव्हापासून कुठल्याही लग्नात ती साखरेत घोळवलेला बदाम गालात धरून बसायची. तोंड मोकळं राहिलं तर मोह व्हायचा.

बाकी नव्वाफचं बरं चाललं होतं. लहानपणी बकऱ्यांमागं हिंडताना तो मिजवेझ शिकला. मिजवेझ म्हणजे दोन नळ्यांची पुंगी, गाल फुगवून श्वास न तोडता वाजवायची. पुढं त्याच्या कॅसेट इरबिद शहराच्या बसअड्ड्यावर खपल्या, मग सीडी खपल्या, आणि दोन्ही मेल्यावर त्यानं घराच्या मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि निर्माता झाला. सूर कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नाही अशी पोरं यायची, हा त्यांना यंत्रातून काढून सुरात बसवायचा, आणि ती पोरं बाहेर जाऊन स्वतःला गवई म्हणवायची. नव्वाफला त्याचं काही वाटत नसे. त्याला स्वतःचं एक गाणं करायचं होतं, प्रत्येक लग्नात वाजेल असं.

मागच्या उन्हाळ्यात केलंही होतं, पण ते झगरूतीवर आपटलं. त्यानं ती इंटरनेटवरून उचलली आणि ती निघाली कैरोच्या बाईची. आमच्या बायकांनी पहिल्या लुलूलाच ओळखलं. 'ही बाई कुणाकडची?' असं गाण्याखाली लोकांनी लिहिलं, आणि एका लग्नात तर म्हाताऱ्यांनी नाच थांबवून नवऱ्याच्या बापाला बाजूला घेतलं की कैरोला कुणी ठेवलीय का. गाणं तिथंच बसलं.

म्हणून या खेपेला तो आईपुढं येऊन बसला.

"युम्मा, नुसतं रेकॉर्डिंग आहे गं."

"नवरी कुठाय?"

"गाण्याला नवरी कशाला लागते?"

"गाण्याला नाही लागत, झगरूतीला लागते. नवरी नसताना काढली की ती घरावर उलटते. तुझ्या यंत्राला कळत नसेल, वरच्याला कळतं."

नवरी नव्हती असं नाही. नव्वाफच्या मनात होती. त्याचा तबलजी कासीम, मांडीवर आडवा धरून तबला वाजवणारा, त्याची विधवा बहीण फिद्दा. ती लग्नाचे झगे शिवायची आणि भावाबरोबर येऊन गाण्यामागं कोरस धरायची. दोन वर्षं नव्वाफच्या मनात तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. पण हजार माणसांपुढं गळा सोडणारा हा गडी तिच्यापुढं आला की यंत्राची बटणं फिरवत बसायचा. ती काय म्हणेल याची भीती, आणि आई काय म्हणेल याची त्याहून मोठी. हाजानं त्याला कॉलेजातल्या पोरी दाखवल्या होत्या. फिद्दाबद्दल ती एकदाच बोलली, "गळा बरा आहे बिचारीचा," आणि त्या 'बिचारी'त नव्वाफनं कायमचा नकार वाचला. त्यामुळं तो फक्त "पुन्हा एकदा घेऊ या" म्हणायचा, आणि चांगला गायलेला कोरस फिद्दा पुन्हा गायची.

कासीमनंच शेवटी तोडगा काढला: आपली फिद्दा काढेल की झगरूत.

दुपार होती. पंख्याचा आवाज यंत्रात जातो म्हणून पंखा बंद, आणि जीव जाऊ नये म्हणून खिडकी उघडी. शेजारच्या स्वयंपाकघरात हाजा द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत बसलेली. फिद्दानं कानाला हेडफोन लावले, देवाचं नाव घेतलं आणि झगरूत काढली.

गाण्यात तिच्या गळ्याला तोड नव्हती, पण हे निराळंच काम. लुलुलू सुरू झाली, मध्येच अडखळली आणि शेवटी खोकल्यात संपली. नव्वाफ म्हणाला, छान, पुन्हा एकदा घेऊ या. दुसरी पहिलीहून वाईट झाली. तिसऱ्या खेपेला कासीमनं तोंड फिरवून तबल्याच्या दोऱ्या आवळायला घेतल्या. स्वयंपाकघरात भांडं आपटलं. आणखी एक झाली, तशी हाजा भाताचे हात घेऊनच दारात उभी राहिली.

"अगं पोरी, बकरीचं शिंग फाटकात अडकलं तरी बरी ओरडते. जीभ टाळूला लावू नको. वर उचल आणि सोडून दे. हात असा धर."

फिद्दानं हात तसा धरला, जीभ सोडली आणि पुन्हा खोकली.

आता माणसाच्या हातात कला असली की दुसऱ्यानं केलेली नासाडी त्याला बघवत नाही. शपथबिपथ सगळी त्या क्षणी कुठं जाते कोण जाणे. हाजानं फिद्दाला खांद्यानं बाजूला सारलं, तळवा तोंडाशी नेला आणि म्हणाली, बघ. सवयीनं आधी ओळी आल्या, आणि ओळींत सवयीनं नाव आलं. इतकी वर्षं मनात घोळवलेलं दुसरं नाव नव्हतंच तिच्याकडं.

"आविहा, नव्वाफ माझा जैतुनाचं झाड,
आविहा, सुनेचे त्याच्या करीन मी लाड,
आविहा, दार सोयऱ्यांना सताड,
आविहा, जळणाऱ्यांनो, लावून घ्या कवाड!"

आणि मग ती सुटली. गाद्या ठोकलेल्या भिंतींनाही ती अडवता आली नाही, आणि खिडकी तर उघडीच होती. ती संपली तेव्हा नव्वाफच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्या वर्षांत त्यानं असं काही रेकॉर्ड केलेलं नव्हतं, आणि ते त्याच्या नावानं होतं.

हाजानं तोंडावर हात दाबला, पण गेलेला सूर परत येत नसतो. समोरच्या गच्चीवरून अबू सत्तामच्या बायकोनं उत्तर दिलं. तिला खालच्या आळीतून कुणी दिलं, मग मशिदीपलीकडून. सगळा डोंगर लुलुलू करू लागला. थोड्याच वेळात अबू सत्ताम बायकोला आणि कुनाफ्याच्या मिठाईचं ताट घेऊन दारात हजर, त्याच्यामागं अर्धी गल्ली. हाजाच्या गळ्यात पडून बायका रडू लागल्या, की अखेर अल्लानं ऐकलं. हाजा पेचात पडली. रेकॉर्डिंग होतं म्हणावं, तर यंत्रासाठी शपथ मोडली म्हणून जन्मभर हसू. आणि रिकामी झगरूत पोरावर उलटायची ती वेगळीच. तिनं सवयीनं कॉफीची किटली तेवढी पुढं केली. अबू सत्तामनं पेला ओठाला लावता लावता विचारलं, "हाजा, मुलगी कुणाची?"

हाजा लेकाकडं बघत होती. तिला एवढं घाबरलेलं नव्वाफनं कधी पाहिलं नव्हतं.

फिद्दालाच तिची दया आली. हेडफोन गळ्यात तसेच ठेवून ती पुढं झाली. "अहो काका, गैरसमज होतोय. हे सगळं गाण्यासाठी..."

"गाण्यासाठी नाही," नव्वाफ म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. मायक्रोफोन नव्हता ना समोर. "फिद्दा. मुलगी म्हणजे फिद्दा. तिची हरकत नसेल तर."

सगळ्या माना फिद्दाकडं वळल्या. ती लाल झाली, आधी लाजेनं आणि मग, असं वाटतं, रागानं.

"दोन वर्षं याच्या मागं उभी राहून मी कोरसमध्ये 'हो, हो' म्हणतेय," ती म्हणाली, "आणि दर वेळी हा म्हणतो, पुन्हा एकदा घेऊ या."

अबू सत्ताम रीतीचा पक्का. मागणी मान्य होईपर्यंत सोयऱ्यांच्या कॉफीला तोंड लावायचं नसतं, म्हणून त्यानं ओठाशी नेलेला पेला खाली ठेवला, कपड्यांवरून हात फिरवला आणि विचारलं, हिच्या घरचा मोठा माणूस कोण? तबल्याआडून कासीम म्हणाला, मी इथंच बसलोय. मग अबू सत्तामनं त्याच्याकडं वळून अल्लाच्या नावानं आणि सगळ्या गल्लीच्या वतीनं मुलगी मागितली. कासीमनं तबला मांडीवरून उतरवला. "काका," तो म्हणाला, "कॉफी निवेल. घ्या."

पण कुणी घेईना. शेवटचा शब्द हाजाचा होता, आणि हाजा फिद्दाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत होती. नव्वाफचा श्वास अडकला. मिजवेझ फुंकताना न तुटणारा श्वास तो, पण आत्ता पुरेना.

"झगरूत काही हिला येत नाही," हाजा म्हणाली.

फिद्दानं मान खाली घातली. हाजानं भात लागलेला हात पदराला पुसला, फिद्दाच्या गळ्यातले हेडफोन काढून नव्वाफच्या हातात दिले आणि तिची हनुवटी वर उचलली.

"न येईना का," ती म्हणाली. "स्वतःच्या लग्नात नवरीनं गप्पच बसायचं असतं. बाकीच्यांच्या लग्नात मी आहे."