आधी अक्षांश

माझा नवरा जमिनीची मोजणी करतो आणि अंक उलटे लिहितो. मोजणीवाल्यांच्या आराखड्यात आधी आडवं माप, मग उभं. म्हणून ठिकाण कळवतानाही आधी रेखांश, मग अक्षांश. फोनवरच्या नकाशाला हवं असतं नेमकं उलट. त्याचे अंक घेऊन निघालेल्या कपाटवाल्यानं मला विचारलं होतं, "वहिनी, तुमचं घर समुद्रात आहे का?" तेव्हापासून अंक आले की त्याच्यावर तोंडसुख घ्यायचं आणि अदलाबदल करायची, हे माझं कामच होऊन बसलं.

त्या दुपारी तो डोंगरात एकटाच गेला होता. निरोप आला: "कड्यावरून घसरलो. पाय मोडलाय. रक्त थांबत नाही." खाली दोन अंक. फोन लावला तर लागेना.

मी रुग्णवाहिकेला फोन केला आणि सवयीनं अदलाबदल करून अंक सांगितले.

"ताई, इथे बर्फाचा समुद्र दाखवतोय," चालक म्हणाला. "नीट बघून सांगा."

शुद्ध हरपता हरपता त्यानं भलतेच अंक दाबले असतील, तर एवढ्या डोंगरात त्याला शोधायचं कुठे? काहीच सुचेना, तेव्हा निरोपातले अंक होते तसेच वाचले.

"सापडलं. ओढ्याच्या वळणावर. निघालोच."

दवाखान्यात त्याचा पाय पट्ट्यांत गुंडाळलेला होता आणि चेहरा पांढराफटक. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चालक दाराशी उभा होता. मी त्याला हात जोडले, तर तो बिचारा संकोचून गाडी पुसायला निघून गेला.

मी नवऱ्याशेजारी बसले. "जन्मात कधी सरळ लिहिलं नाहीस. आजच बरं सुचलं?"

"म्हटलं, तू घाबरलेली असणार. त्यात अदलाबदल कुठे करत बसशील? म्हणून तुझ्या क्रमानं लिहिलं."

"आणि मी केलीच अदलाबदल."

तो हसला आणि लगेच कळवळला.

ज्याला मी येता-जाता वेंधळा म्हणते, त्यानं रक्त वाहत असताना माझ्या घाबरण्याचा विचार केला होता. माझे डोळे भरून आले. मी त्याला "थँक यू" म्हटलं. आमच्याकडे नवराबायको एकमेकांना असं म्हणत नाहीत, त्यामुळे त्याला वाटलं, टोमणाच मारतेय.

मग मी त्याचा हात धरला आणि पुन्हा म्हटलं.