गारवाबाबांचं बाधाजल

त्या दुपारी गारवाबाबांच्या शेडसमोर सतरा गाड्या उभ्या होत्या. सगळ्यांची बॉनेटं वर, सगळ्यांचे दरवाजे सताड उघडे, आणि सगळ्यांचे मालक उकिडवे बसून आपापल्या गाडीच्या पोटाखाली डोकावत होते. नवख्या माणसाला वाटलं असतं, एकाच वेळी सतराजणांची चिल्लर सांडली आहे.

तेवढ्यात एका निळ्या गाडीखाली टप्पकन थेंब पडला. मग दुसरा. मग धारच लागली.

"उतरली," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

गर्दी शहारली. निळ्या गाडीच्या मालकाने वाटी खाली सरकवून ते पाणी गोळा केलं, दोन थेंब डॅशबोर्डला लावले, दोन स्वतःच्या कपाळाला. याला बाबांच्या भाषेत बाधाजल म्हणत. गाडीला लागलेली बाधा पाणी होऊन खाली उतरते, आणि एसी पुन्हा गार हवा देऊ लागतो, असं त्यामागचं शास्त्र.

माझं सीट कव्हरचं दुकान शेडच्या बरोबर समोर. त्यामुळे हे शास्त्र मला महिनाभर रोज फुकट ऐकायला मिळत होतं. "गाडीला तुम्ही लोखंड समजता," बाबा सांगत, "पण कॉम्प्रेसर हे गाडीचं काळीज आहे. कुणाची हाय लागली, की काळीज आखडतं. आखडलं, की गारवा आत कोंडतो. मी काही करत नाही. मी फक्त त्याला वाट देतो." मग बॉनेटवर हात ठेवत. बॉनेट तापलेलं असल्यामुळे हाताखाली चौघडी टॉवेल असे. त्यानंतर इंजिन बंद ठेवून मालकाने एक तास मौन पाळायचं. घड्याळाकडे बघायचं नाही, पण तास पुरा भरायचा.

ज्यांचा एसी तासाभराने चालू होई, ते रस्ताभर बाबांचं नाव घेत जात. ज्यांचा होत नसे, त्यांच्या मनात शंका असे. हे निदान बाबा न तपासता करत.

मला हे सगळं थोतांड वाटत होतं. तरी मी तोंड उघडलं नव्हतं, त्याचं कारण फारसं शोभणारं नाही. तासभर मौन पाळणारी माणसं कंटाळून माझ्या दुकानात येत आणि बोटाने खुणा करून सीट कव्हरं पसंत करत. इतकी शांत गिऱ्हाइकं मला जन्मात मिळाली नव्हती.

माझा मेहुणा बाबांचा कट्टर भक्त. त्याची टॅक्सी, आणि दवाखान्यातून पेशंटची ने-आण करण्याचं काम त्याच्याकडे. त्याचा एसी तीनदा बंद पडला, तीनदा तो बाबांकडे आला, आणि तीनदा गुण आला.

"गुण आला होता, तर तीनदा का यावं लागलं?" मी एकदा विचारलं.

"दाजी, वाईट नजरा कमी आहेत का जगात?" तो म्हणाला.

त्या दुपारी तो चौथ्यांदा आला. पण या वेळी गाडीत पेशंट होते. हृदयाचं ऑपरेशन होऊन नुकतेच घरी सोडलेले एक काका, आणि सोबत त्यांची बायको. रस्त्यात एसी बसला. बाहेर ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. काकांचा चेहरा पांढराफटक पडलेला, शर्ट घामाने भिजलेला. मेहुण्याने त्यांना सरळ घरी न्यायचं सोडून गाडी बाबांच्या रांगेत घातली.

मी धावत जाऊन काकांना दुकानात आणलं, पंख्याखाली गठ्ठ्यांवर आडवं केलं, पाणी दिलं. काकूंनी त्यांची नाडी धरली, घड्याळात बघून मोजली, आणि दवाखान्यात फोन लावला. तिकडून सांगितलं, गार जागी पडून राहू द्या, अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर परत आणा.

फोन ठेवून काकूंनी माझ्याकडे बघितलं. "हा समोर काय प्रकार आहे?"

मी सांगितला. काकूंच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून वाढत गेल्या. "मी एकतीस वर्षं शीतगृहात मशीनवर होते," त्या म्हणाल्या. "चारशे टन बटाटे गार ठेवले. एकाही बटाट्याला नजर लागली नाही. तुमच्याकडे बॅटरी आहे का?"

काका पडल्या पडल्या पुटपुटले, "अगं, जास्त बोलू नकोस त्यांना."

"तुम्ही झोपा हो," काकू म्हणाल्या, आणि माझी बॅटरी घेऊन रस्ता ओलांडून गेल्या.

मेहुणा मौनात बसला होता. काकूंनी त्याला विचारलं, "एसी बसला तेव्हा वारा गरम यायला लागला, की वाराच कमी झाला?"

मेहुण्याने ओठांवर बोट ठेवलं.

"तुमच्या मौनापायी माझे यजमान जाता जाता वाचलेत. बोला."

"वारा कमी झाला," मेहुणा खाली मान घालून म्हणाला. "पंख्याचा आवाज पूर्ण, पण वारा फुंकर घातल्यासारखा. दर वेळी असंच होतं. पहिला अर्धा-पाऊण तास झकास, मग हळूहळू बंद."

"आणि तासभर थांबलात की परत झकास."

मेहुण्याने चमकून बघितलं. बाबांखेरीज कुणाला हे ठाऊक असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

"बाई, मौनभंग झाला की बाधा उलटते," बाबांचा आवाज आला.

"उलटू दे," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी डॅशबोर्डमधला कप्पा काढायला सांगितला. कप्प्यामागे एक पट्टी होती, ती ओढल्यावर एअर फिल्टर बाहेर आला. म्हणजे फिल्टर असावा. दिसायला ते एखादं मेलेलं मांजर दिसत होतं. धूळ, केस, आणि मऊ करड्या तंतूंचा बोटभर जाड थर. ते तंतू मी ओळखले. मीच मेहुण्याला लग्नाच्या वाढदिवसाला दिलेल्या मखमली सीट कव्हरचे होते. मी पटकन दुकानाच्या पाटीकडे बघायला लागलो.

काकूंनी रिकाम्या फटीत बॅटरीचा झोत टाकला. "घाला बोट."

मेहुण्याने बोट घातलं आणि चटकन मागे घेतलं. मग परत घातलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बाबांच्या कुठल्याही चमत्काराने आलं नव्हतं.

"दाजी," तो म्हणाला, "आत बर्फ आहे."

गर्दी उठून जवळ आली. मौन कधी मोडलं, कुणाला कळलं नाही. एकेकाने बोट घालून बघितलं. चप्पल वितळवणाऱ्या उन्हात, बंद पडलेल्या एसीच्या पोटात पांढराशुभ्र बर्फ.

"तुमचा एसी गार करत नाही असं नाही," काकू म्हणाल्या. "तो अति गार करतोय. फिल्टर तुंबला म्हणून वारा नीट जात नाही. वारा नाही म्हणून आतल्या जाळीवर बर्फ धरतो. बर्फ धरला, की उरलासुरला वाराही अडतो. गाडी तासभर बंद ठेवली, की बर्फ वितळतो आणि सगळं सुरळीत. गारवा आत कोंडतो म्हणाले ना तुमचे बाबा? तेवढं एक वाक्य त्यांचं बरोबर आहे, पण ते त्यांना माहीत नाही."

"आणि हे पाणी?" निळ्या गाडीवाल्याने वाटी पुढे केली. "माझ्या एसीत बर्फ नव्हता. तरी पाणी आलं."

"चांगल्या चाललेल्या प्रत्येक एसीतून पाणी येतं. गार पेल्याला बाहेरून पाणी सुटतं, तसंच. हवेतली वाफ त्या जाळीवर जमते आणि नळीतून खाली गळते. तुमचं काय बिघडलं होतं?"

"तसं काही नाही," निळ्या गाडीवाला चाचरत म्हणाला. "बायको म्हणाली, एकदा दाखवून आणा."

आता बाबांनी डोळे उघडले. "यंत्रविद्या अर्धी असते, बाई. पाणी एकच, पण त्यात बाधा आहे की नाही, हे पाहणाऱ्याला दिसतं."

काकूंनी वाद घातला नाही. त्या शेडच्या मागे गेल्या. तिथे बाबांची स्वतःची पांढरी गाडी उभी होती, काचांना पडदे लावलेली. बाबा अर्ध्या तासापूर्वीच जेवून त्यातून परत आले होते. गाडीखाली परातभर थारोळं साचलं होतं.

सगळे थारोळ्याकडे बघत राहिले. मग सगळे बाबांकडे बघत राहिले.

बाबा कच्चे नव्हते. "तुमच्या सगळ्यांच्या बाधा मी अंगावर घेतो," ते जड आवाजात म्हणाले. "त्या माझ्या गाडीतून निघतात."

दोघातिघांनी लगेच हात जोडले. क्षणभर वाटलं, सामना हातचा गेला.

"बरं," काकू म्हणाल्या. "इथे कुणाचा एसी महिनोन् महिने ठार बंद आहे?"

एका बेकरीवाल्याने हात वर केला. त्याच्या व्हॅनमधले केक गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत एका बाजूला कलत. त्याची ही पाचवी खेप, आणि पाचही वेळा त्याच्या मनात शंका निघाली होती.

"किती वेळ उभे आहात?"

"तीन तास."

"गाडीखाली बघा."

जमीन ठणठणीत कोरडी होती.

"म्हणजे जिला खरा रोग, ती गाडी कोरडी," काकू म्हणाल्या, "आणि जी धडधाकट, तिच्यातून बाधा गळते. हे उलटं कसं?"

 बाबांनी टॉवेलने हात पुसले, मग कपाळ, मग पुन्हा हात.

काकूंनी बेकरीवाल्याला एसी लावायला सांगितला. वारा जोरात, पण गरम. पुढे कॉम्प्रेसरचा टक् असा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. एका पाइपच्या सांध्यापाशी तेलकट डाग होता. काकूंनी त्यावर बोट फिरवून वास घेतला. "सांधा गळतोय. गॅस निघून गेला, की कॉम्प्रेसर मुद्दामच सुरू होत नाही, स्वतःला वाचवतो. मेकॅनिककडे जा. सांधा बदलून, मग गॅस भरून घ्या."

"म्हणजे माझ्या मनात शंका नव्हती?" बेकरीवाल्याने विचारलं.

"असायला हवी होती," काकू म्हणाल्या.

लोक हसले. बाबांच्या चेल्याने चटया गुंडाळायला घेतल्या. हे सगळं इथेच संपलं असतं, तर मी ते गंमत म्हणून सांगितलं असतं.

पण गर्दीतली एक बाई पुढे आली. मघापासून ती पर्स छातीशी धरून उभी होती. "काकू, बाबा मंगळवारी माणसांचीही बाधा उतरवतात, ते तरी खरं ना?" तिने हळूच विचारलं. "माझ्या मुलीला दमा आहे. बाबा म्हणाले, तिच्याही छातीत वारा कोंडलाय. मंगळवारी आणा. तोवर आठ दिवस औषधाचा फवारा बंद."

 काकूंचा आवाज एकदम खाली आला. "फवारा कुठे आहे आता?"

"इथे, पर्समध्ये. ती लपून घेईल म्हणून बरोबर ठेवते."

"आणि मुलगी?"

"घरी. सकाळपासून जरा धाप लागलीय."

मेहुण्याने कप्पा जागेवर बसवला. फिल्टर रस्त्याच्या कडेला फेकला आणि गाडी सुरू केली. काकांना एव्हाना बरं वाटत होतं, ते स्वतःच म्हणाले, आधी मुलीकडे जा. बाईला घरी सोडलं. मुलीने फवारा घेतला. तिथून तिला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी मेहुणा परत आला, तेव्हा त्याने सांगितलं, डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं.

आम्ही दोघं दुकानात बसलो होतो. तो म्हणाला, "दाजी, तुम्हाला माहीत होतं ना सगळं?"

माहीत होतं, पण मी सीट कव्हरं विकत होतो.

म्हणून आता लिहितो आहे. गाडी बंद पडली, की नुकसान गाडीचं होतं. पण कारण न विचारण्याची सवय एकदा लागली, की ती गाडीपाशी थांबत नाही, घरात शिरते. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला, तर खाली वाकून बघा, हात घालून बघा, दोन गाड्या शेजारी लावून ताडून बघा. आणि ज्याला खोटेपणा दिसतो, त्याने गप्प बसू नये. मोठ्याने बोलावं.