खजुराच्या डब्याचा हेवा

मित्रांनो, जरा कल्पना करा. पहाटेपासून तुम्ही पाण्याचा थेंबही घेतलेला नाही. सूर्य मावळतो आहे आणि घरातले सगळे एकाच डब्याकडे पाहत आहेत. तो डबा मी!

मी एक जुना पितळी डबा आहे. सोलापुरात कमरबींच्या घरी राहतो. रमजानमध्ये माझ्यात इराणचा खजूर असे. या घरातल्या प्रत्येक मुलाने आपला पहिला रोजा माझ्यातल्याच खजुराने सोडला. कमरबी मला चिंचेने घासून लख्ख करत. मला फार मान होता.

पण यंदा महबूब दुकानदार म्हणाला, "चाची, माल लई कमी येतोय. भाव ऐकूनच पोट भरंल बघा!"

काही बलाढ्य देशांनी इराणवर निर्बंध घातले आहेत, म्हणजे त्याच्याशी देवघेव करायला मनाई केली आहे. त्यामुळे माल मागवणे अवघड होते. इतक्या दूरचे भांडण, आणि रिकामा कोण? मी!

त्यातच शेजारच्या बजाबाई एक बरणी घेऊन आल्या. प्लास्टिकची, लाल झाकणाची!

"आगं कमरबी, खजूर न्हाय तर न्हाय. आपल्या शेंगा कुटं पळून गेल्यात? लाडू केलेत, घे की!"

त्या बरणीभोवती रोज हात गोळा होऊ लागले. मी फळीवर बसून जळत होतो. खाली पडून तिला तडा जावा, असेही मनात आले.

मग नातीचा, फिरदोसचा, पहिला रोजा ठरला. कमरबींनी तिच्यासाठी तीनच खजूर आणले आणि माझ्यात ठेवले. मी पुन्हा चमकलो! पण संध्याकाळी मला त्या बरणीच्या शेजारीच मांडले. फिरदोस म्हणाली, "दादी, लाडवांचा वास किती छान येतोय!"

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मी रागाने झाकण आवळून धरले. सगळ्यांनी माझीच मनधरणी करावी, एवढेच मला हवे होते.

अजान झाली. कमरबी झाकण ओढत होत्या, फिरदोसचे ओठ सुकले होते.

बजाबाई म्हणाल्या, "त्या डब्याला आज काय झालंय कुणास ठाऊक! पोरी, तू लाडू घे बरं आदी."

फिरदोसने डबडबलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिले आणि लाडवाने रोजा सोडला. ज्या क्षणासाठी मी वर्षभर थांबलो होतो, तो माझ्याच हेव्याने गेला.

मग कमरबींनी मला उंबऱ्यावर आपटले, तेव्हा कुठे झाकण निघाले. फिरदोसने एक खजूर खाल्ला. बजाबाई जायला उठल्या. आमच्या घरातून शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत जात नाही, म्हणून कमरबी मूठभर साखर आणायला वळल्या.

"थांब दादी," फिरदोस म्हणाली.

तिने उरलेले लाडू हलक्या हाताने माझ्यात ठेवले. मग दोन्ही खजूर त्या बरणीत घातले, लाल झाकण लावले आणि बरणी बजाबाईंच्या हातात दिली. शेवटी तिने मला ओढणीच्या टोकाने पुसले, आपटून आलेल्या पोच्यावरून बोट फिरवले आणि माझे झाकण अगदी सैल लावले.