पत्रिकेतली पहिली ओळ

“मागच्या लग्नात माझा भाऊ, तो सुकलाल, मांडवातून न जेवता गेला, ताई! कायले? तर पत्रिकेत दुसऱ्या भावाचं, कडूचं नाव त्याच्या वरती छापलं म्हणून. आता या लग्नात मले झगडा नाही पाहिजे.”

बहादरपूरचे मोतीलालभाऊ वंदनाच्या पत्रिकांच्या दुकानात घाम पुसत बसले होते. त्यांच्यामागे, डोक्यावरचा पदर सावरत, आशाबाई उभी होती. ही त्यांच्या वारलेल्या भावाची बायको, आणि लग्न तिच्याच मुलीचे, कमलचे. केळीच्या बागेत राबून पोरीला वाढवले, शिकवले ते हिनेच. पण निमंत्रकांच्या कागदावर तिचे नाव तिन्ही दिरांच्या खाली, अगदी तळाशी होते.

दुकान होते त्या बुधवारा बाजारातल्या पाट्या बहुतेक हिंदी. पण मराठी पत्रिका जुळवायची म्हटली की लोक वंदनाकडेच येत. नवरा गेल्यावर तिने कॉम्प्युटर शिकून त्याचे दुकान चालवले होते. बाईमाणसाला जमायचे नाही म्हणणारे आता आपल्या पोरांच्या पत्रिका घेऊन तिच्याच दारात उभे राहत. अशी रुसलेली नावे तिला रोजचीच होती.

“भाऊ, मी एक करते,” ती म्हणाली. “नेटवर एक सोय आहे. नावं टाकायची, बटण दाबायचं. मशीन आपोआप अक्षरांप्रमाणे ओळी लावतं. मग कोण कोणावर रुसणार?”

मोतीलालभाऊंना हे एकदम पटले. त्यांनी तिथूनच सुकलालला फोन लावला.

“माणसानं नाही ना लावलं? मशीन लावेल ते मंजूर!” सुकलालचा आवाज दुकानभर ऐकू आला. कडूनेही हो म्हटले.

वंदनाने चार ओळी चिकटवल्या आणि बटण दाबले. भावांच्या नावांआधी ‘श्री.’ होते, आशाबाईच्या नावाआधी ‘गं. भा.’. मशीनने ओळ सुरू होते तिथून अक्षरे पाहिली. ग आधी, श नंतर. गं. भा. आशाबाई सगळ्यांच्या वर जाऊन बसली. तिच्याखाली कडू, मग मोतीलाल, आणि शेवटी सुकलाल.

“अय ताई, हे काय?” मोतीलालभाऊ खुर्चीवरून उठलेच. “शुभकार्यात पहिलंच नाव गं. भा.? लोक काय म्हणतील? ते गं. भा. काढून टाक. नुसतं नाव ठेव, आपोआप खाली जाईल.”

वंदनाने ती दोन अक्षरे पुसली आणि पुन्हा बटण दाबले. आता तर ओळ आ ने सुरू होत होती. आशाबाईची ओळ जागची हलली नाही.

मोतीलालभाऊंच्या मागून आशाबाई हळूच म्हणाली, “काढूनच टाका ना बाई माझं नाव. माझ्यावाचून काय अडलंय?”

स्वतःच्या मुलीच्या, शोभाच्या लग्नाची पत्रिका वंदनाने याच खुर्चीत बसून जुळवली होती. दिरांची सगळी नावे घातली, स्वतःचे घातले नाही. नको असे कोणी म्हटले नव्हते, आणि घाल असेही कोणी म्हटले नव्हते. तिला त्याचे वाईट वाटले होते, फार वाटले होते, पण सांगणार कोणाला?

“भाऊ, नाव हातानं खाली घेते,” ती शांतपणे म्हणाली. “काहीच काम नाही त्यात. पण मग सुकलालभाऊंना काय सांगणार? मशीननं लावलं म्हणून?”

मोतीलालभाऊ मटकन बसले. एक ओळ हलवली की सुकलाल आपलीही हलवायला लावणार, हे त्यांना चांगले ठाऊक होते. त्यांनी डोके खाजवले, पुन्हा पडद्याकडे पाहिले, मग वळून आशाबाईकडे. तिने मान खाली घातली होती.

“राहू दे,” ते शेवटी म्हणाले. “तिचीच तर पोरगी आहे. ते गं. भा. नको आता, नुसतं आशाबाई चांगलं दिसतं.”

वंदनाने नमुन्याची प्रत काढून दिली. आशाबाईने ती दोन्ही हातांत धरली. अक्षर अक्षर जोडत तिने पहिली ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि कागद पदराखाली धरून दिरामागून उन्हात निघाली.

दुकान रिकामे झाले. वंदनाने जुन्या फायलींतून शोभाची पत्रिका शोधली. आपल्या दिरांची नावे उचलून नेटवरच्या त्या चौकटीत चिकटवली. सगळे श्री. होते. त्यांच्या खाली, सगळ्यात शेवटी, तिने टाइप केले : वंदना. आणि बटण दाबले.

व, श च्या आधी येतो. नाव वर गेले.

“ताई, पत्रिका करायची होती,” दारात कोणीतरी म्हणाले.

“या, बसा ना,” ती म्हणाली. पण पडद्यावरून नजर काढायला तिला थोडा वेळ लागला.