उंबऱ्यावरच्या तलंगा

दिवाळीच्या आधी अंबूबाईने शेजारच्या मदिनाबीकडून अंडी आणून खुडूक कोंबडीखाली घातली. त्यातली नऊ पिल्लं जगली. माघ लागेपर्यंत ती वेताच्या डालग्याखाली आईच्या पंखाला बिलगून निजली. मग आई पुन्हा अंड्यावर आली आणि जवळ येईल त्याला चोच मारून हाकलू लागली. पिल्लांच्या आता चांगल्या तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, झाल्या होत्या, डालग्यात मावत नव्हत्या. नवऱ्याने, आकारामने, घरामागच्या परड्याच्या कडेला दगडमातीचं नवं खुराडं रचून दिलं. तोंडाला सरकती फळी बसवली, आत बसायला बाभळीची काठी आडवी घातली.

"आजपास्नं हितं निजव त्यांना," असं म्हणून तो मळ्याकडे गेला.

दिवस कलला तशी अंबूबाई मूठभर कण्या घेऊन खुराड्याशी बसली. "तीऽ तीऽ तीऽ," तिने साद घातली. तलंगा आल्या, कण्या टिपल्या, आणि उजेड जरा पिवळा पडताच माना वर करून चालू लागल्या. खुराड्याकडे नव्हे. परडं ओलांडून, अंगणातून, एकामागोमाग एक, समोरच्या बंद खोलीच्या दाराशी गेल्या आणि उंबऱ्यावर ओळीने अंग फुगवून बसल्या.

अंबूबाईच्या हातातल्या उरलेल्या कण्या खाली सांडल्या.

ती खोली लीलाबाईची होती. लीलाबाई म्हणजे धाकटी जाऊ, दीर कृष्णात याची बायको. तिला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून त्या दाराची कडी कुणी काढली नव्हती. या तलंगांनी लीलाला पाहिलं नव्हतं. ती असताना त्यांची अंडीसुद्धा नव्हती.

अंबूबाईने एकेकीला पंखाखाली धरून खुराड्यात नेलं. नऊ खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला अंगणात पुरतं दिसेनासं झालं होतं, आणि दाराकडे पाठ करून चालताना तिच्या मानेवर काटा उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

"तीन दिस बाहेरच सोडू नगा," मदिनाबी म्हणाली. ती कोंबड्यांत म्हातारी झालेली बाई. इस्लामपूरच्या बाजाराला अंडी न्यायची. "दाणा आत, पाणी आत. घर कंचं ते कळाय पायजे त्यास्नी. आन् कवळ्या तलंगा अंधारात शिरत न्हाईत, आक्का. सांजच्याला आत कंदील ठिवा थोडा येळ."

अंबूबाईने सगळं केलं. तीन दिवस फळी लावून ठेवली. चौथ्या दिवशी सोडल्या, सांजेला खुराड्यात कंदील ठेवला, वाट दाखवायला त्यांच्या आईलाही पुढे घातलं. म्हातारी कोंबडी मुकाट्याने आत जाऊन काठीवर बसली. दोन तलंगा कंदिलाकडे बघत घुटमळल्या. मग त्या दोघीही वळल्या आणि बाकीच्यांमागे अंगणात गेल्या.

"लीला बोलावती त्यास्नी," गल्लीतली बयाबाई कुंपणापलीकडून म्हणाली. "कायतरी राह्यलं आसंल तिचं."

"आवं, काय तरीच!" शेजारून बघायला आलेली मदिनाबी तिच्यावर डाफरली. "त्या भिताडाला दिसभर ऊन आसतं. उबंला जात्यात."

अंबूबाईला ते पटवून घ्यायचं होतं. दोघी गेल्यावर तिने हळूच त्या भिंतीला तळवा लावला. भिंत विहिरीतल्या दगडासारखी गार होती.

सव्वा वर्षापूर्वी, मार्गशीर्षात, गावात उंदीर पडले होते. प्लेगच्या भीतीने एका सकाळीत सगळं गाव बाहेर पडलं. दीड मैलावर मळ्यात खोपी घातल्या. भांडी-धान्य गाडीत आलं, गुरं आली. पण कोंबड्या तेव्हा चरायला पांगलेल्या होत्या, त्या गावातच राहिल्या. सांजेला आपल्या जागी येऊन बसल्यावरच त्या हाती लागणार. बायाबापड्या खोपी शाकारण्यात गुंतल्या होत्या. अंबूबाई दिवसभराच्या राबण्याने चिडलेली होती.

"जा की, घिऊन ये," ती लीलाला म्हणाली होती. "का रानमांजराच्या घशात घालायच्यात?"

"आक्का, सांज झाली. उद्या जाऊ का?"

"उद्या काय पिसं येचाय जाणार? तुला कामच नको."

लीला गेली. पार अंधारून आल्यावर कोंबड्यांचं डालगं डोक्यावर घेऊन परत आली. भीतीने तिचे दात वाजत होते. पाचव्या दिवशी तिच्या जांघेत गाठ आली. आठव्या दिवशी मळ्याच्या बांधाला तिला अग्नी दिला.

लोकांनी विचारलं, "गावात कशाला गेली गं ती?" आणि अंबूबाईच्या तोंडून निघून गेलं, "लय सांगितलं. ऐकलं न्हाई तिनं माझं." एकदा निघालं ते निघालं. पुढे प्रत्येकाला तेच सांगावं लागलं. कृष्णात तेव्हा पलटणीबरोबर इटलीत होता. लढाईतल्या माणसाला असलं कळवू नये म्हणून घरचे सगळे खुशाल असल्याचीच पत्रं जात राहिली. लढाई थांबल्यावर शाळेतल्या गुरुजींकडून खरं पत्र लिहून घेतलं. त्यातही तेच लिहिलं होतं. ऐकलं नाही तिने.

यंदा फाल्गुनात कृष्णात रजा घेऊन नव्हे, कायमचा घरी आला. ट्रंक थोरल्या भावाच्या सोप्यात ठेवली आणि तिथेच पथारी टाकली. समोरच्या दाराकडे त्याने एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं नाही. दिवसभर मळ्यात असायचा, बोलायचा कामापुरतं.

सांजेला मात्र तो सोप्यात बसून तलंगांची ती ओळ बघायचा. अंबूबाई एकेक उचलून न्यायची आणि त्याची नजर तिच्या पाठीवर असायची. आठवडाभर हे चाललं. एका सांजेला तो उठून अंगणात आला. तिच्या दोन्ही काखांत दोन तलंगा होत्या.

"वैनी, येक इचारू?"

"इचारा की, भावजी."

"ती तिन्हीसांजंला परड्यातबी येकटी जात नव्हती. लगीन झाल्यापास्नं. मी उठून सोबतीला जायचो. तुमाला ठावं हाय." तो थांबला. "मग त्या रिकाम्या गावात कशी गेली?"

उंबऱ्यावरच्या सात तलंगा हलल्या नाहीत. अंबूबाईला वाटलं, दारापलीकडेही कुणीतरी कान लावून आहे. खोटं तोंडाशी तयार होतं, सव्वा वर्ष घोटलेलं होतं. ते बाहेर येईना.

"म्या धाडली," ती म्हणाली. "ती नगं म्हणत हुती. म्या टाकून बोलले. ऐकलं तिनं माझं, भावजी. ऐकलं म्हनूनच गेली."

कृष्णातने तिच्याकडे पाहिलं नाही. तो दाराशी गेला, वाकून तलंगांना हाताने बाजूला केलं आणि कडी ओढली. गंजलेली कडी दोन झटक्यांनी निघाली. आतून कोंदट, मातकट वास आला. दोरीवर लुगडं तसंच होतं, त्याच्या घडीवर धूळ बसलेली. जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारी होती. अर्ध्यावर दळण सोडून सगळे बाहेर पडले होते. तो आत गेला आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसला. त्याच्यामागून तलंगा आत शिरल्या. अंबूबाईच्या काखेतल्या दोघींनीही धडपडून उड्या मारल्या आणि त्याही गेल्या.

तिने दार ओढून घेतलं नाही. तिथे उभंही राहवेना. ती चुलीपुढे येऊन बसली. तिकडून रडण्याचा आवाज येईल म्हणून कान देऊन राहिली, पण काहीच आलं नाही. ते तिला जास्त जड गेलं.

सकाळी कृष्णातने नवं खुराडं मोडलं. दगड एकेक करून वाहिले आणि लीलाच्या दाराच्या उजव्या अंगाला भिंतीलगत ते पुन्हा बांधलं. तीच फळी, तीच काठी. सांजेला त्याने कंदील ठेवला नाही, कण्या टाकल्या नाहीत. तलंगा आल्या, क्षणभर उंबऱ्याशी थबकल्या आणि एकेक करून खुराड्यात गेल्या. त्या दिवसापासून एकीलाही उचलावं लागलं नाही. कृष्णात खोलीत राहू लागला. अंबूबाईने वाढलेलं ताट घ्यायचा, पण तिच्याशी बोलायचा नाही. आणि त्याने हे कुणाला सांगितलंही नाही.

ते न सांगणंच तिला खाऊ लागलं. दहा दिवस तिने काढले. अकराव्या दिवशी दुपारी मळ्यात आकारामला भाकरी घेऊन गेली, तेव्हा बांधावर बसून तिने त्याला सगळं सांगितलं. शब्दन्‌शब्द सांगितलं, पिसं वेचायची गोष्टसुद्धा.

आकाराम भाकरीचा तुकडा हातात धरून बसला होता.

"मला ठावं हाय," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं? भावजींनी?"

"कुनी न्हाई. त्या सांजंला मी गाडीखाली हुतो, चाकांचा कणा बांधत. समदं ऐकलं."

"मग तवाच का बोलला न्हाईसा? थांबवायची हुती की मला! नंतर लोकांत खोटं बोलले, तवा तरी..."

"थांबवलं आसतं तर कुनीतरी जायाच पायजे हुतं," आकाराम म्हणाला. "मीच गेलो आसतो. त्या उंदरांच्या गावात." त्याने तुकडा खाली ठेवला. "मला भ्या वाटलं, अंबू. मी कणा बांधतच राह्यलो."

उसाच्या फडातून वारा सुटला होता. त्याच बांधाच्या दुसऱ्या टोकाला कृष्णात पाठमोरा उभा राहून उसाला पाणी पाजत होता.

"त्याला सांगाय पायजे," ती शेवटी म्हणाली.

"व्हय," आकाराम म्हणाला. त्याने हात धुतले, उठून उभा राहिला, आणि धाकट्या भावाकडे चालू लागला. अंबूबाई भाकरीवर फडकं टाकून तिथेच बसून राहिली.